राब आणि खाचर : राजूरचे आठ दिवस

अहिल्यानगर जिल्हा, म्हणजे २०२४ सालापर्यंतचा अहमदनगर जिल्हा, म्हटला कीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें उघडीं माळरानें, ज्वारीचीं शेतें आणि पावसाची वाट पाहणारीं गांवें उभीं राहतात. परंतु ह्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोंकास अकोलें तालुका आहे, आणि तेथें सह्याद्रीनें आपला सारा संसार मांडून ठेविला आहे. महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर कळसूबाई (१,६४६ मीटर) येथलेंच. रतनगड व हरिश्चंद्रगड येथलेच. प्रवरेचा उगमहि येथलाच. ह्या डांग मुलखाची बाजारपेठ म्हणजे राजूर. कोल्हार-घोटी रस्त्यानें भंडारदऱ्यास जाणारे प्रवासी येथें चहापुरते थांबतात, पेढे घेतात आणि पुढें जातात. मुक्काम करणारे थोडे. मी त्या थोड्यांपैकीं एक आहें.

सेवानिवृत्तीनंतर मी संगमनेरास राहतों. राजूरजवळच्या एका वाडींत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचें घर आहे. भाताची कापणी होऊन झोडणी संपत आली म्हणजे मार्गशीर्षांत आठ दिवस त्याच्याकडे जावयाचें, हा माझा कित्येक वर्षांचा परिपाठ. गेल्या मार्गशीर्षांत पुण्याहून माझा सतरा वर्षांचा नातूहि बरोबर आला. त्याच्या खांद्याला कमरेहून उंच अशी एक पिशवी होती. एस्टींत ती उभी करतांना वाहकानें विचारलें, “आजोबा, भजनाची वीणा का?” सगळे हंसले, नातू मात्र हंसला नाहीं. पिशवींत गोल्फ खेळण्याच्या काठ्या होत्या, आणि त्या काठ्यांवरून आमच्या घरांत दोन महिने वाद चालला होता.

हा खेळ आपल्या घरांतून फारसा परिचित नाहीं, म्हणून दोन शब्द सांगणें अवश्य आहे. एक लहान पांढरा चेंडू, दूर दूर अंतरावर खणलेले अठरा खळगे, आणि कमींत कमी फटक्यांत तो चेंडू एकामागून एक अठराहि खळग्यांत पोंचविणें, एवढाच खेळ. जवळच्या, दूरच्या, उंच व सरपटत्या फटक्यांसाठीं निरनिराळ्या काठ्या असतात. चौदांपर्यंत बाळगण्याची मुभा आहे. एका फेरीस बहुधा ७२ फटके हें कुशल खेळाडूचें प्रमाण धरतात. खेळ इंग्रजांबरोबर आला. कलकत्त्यास १८२९ सालींच त्याचा क्लब निघाला होता. नाशिकच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानास लोक अजूनहि ‘गोल्फ क्लब मैदान’ म्हणतात. तेथें आतां क्रिकेटचे सामने होतात, परंतु नांवांत जुना खेळ राहून गेला आहे.

नातवानें दोन वर्षें ह्या खेळांत घातलीं. रोज सकाळीं सरावाच्या मैदानावर जाऊन दोनशें चेंडू मारावयाचे, हा त्याचा नेम. प्रत्यक्ष खेळ मात्र महिन्यांतून एकदां, कारण एका फेरीस चार तास लागतात आणि पैसेहि बरेच पडतात. सरावांतला त्याचा फटका पाहावा तर डोळे निवावेत. स्पर्धेंत उतरला कीं सगळें विस्कटून जाई. दिवाळीपूर्वींच्या स्पर्धेंत त्यास ९८ फटके लागले. वडील म्हणाले, सराव दुप्पट कर. काका म्हणाले, पुढचें वर्ष बारावीचें आहे, काठ्या माळ्यावर टाक. मींहि संगमनेराहून एक लांबलचक पत्र पाठविलें आणि अभ्यासानें असाध्य तें साध्य होतें, असा उपदेश केला. तो कोणासच कांहीं उत्तर देईना. काठ्या विकून टाकण्याचें त्यानें मनाशीं ठरविलें आहे, हें मला राजूरास आल्यावर समजलें.

संगमनेराहून निघाल्यावर अकोल्यापर्यंत रस्ता उंसाच्या व भाजीपाल्याच्या शेतांतून जातो. अकोल्यास प्रवरेच्या कांठीं अगस्तिऋषींचा आश्रम आहे; तेथें हात जोडून पुढें निघालें म्हणजे जमीन हळूहळू उचलूं लागते, वळणें वाढतात, आणि शेतांचा आकारच पालटतो. मोठे सपाट तुकडे संपून डोंगरउतारावर पायऱ्या पायऱ्यांचीं भातखाचरें लागतात. मार्गशीर्षांत कापणी झालेली असते. खाचरांत धसकटें उभीं असतात, कोठें हरभरा तर कोठें मसूर उगवून आलेली असते, आणि बांधांवर गवत सोनेरी झालेलें असतें. राजूरच्या बाजारांत डांगी बैल दिसतात. पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबडे ठिपके आणि कातडीवर एक प्रकारचा तेलकटपणा, ज्यामुळें धुंवाधार पावसांतहि ह्या जनावरांस बाध येत नाहीं. डिसेंबरांत येथें ह्या जनावरांचें प्रदर्शन भरतें, आणि आसपासचा सारा मुलूख लोटतो.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं घरापुढच्या सपाट पडिकावर नातवानें सराव मांडला. चेंडू तीस होते. वाडींतलीं मुलें ते गोळा करून आणीत आणि हा पुन्हां मारी. एकच काठी, एकच जागा, एकच दिशा. पन्नास फटके झाले, शंभर झाले. चेंडू एकाच आंब्याच्या रोखानें जात होते. माझ्या यजमानांचे वडील, ऐंशीच्या घरांतले महादेव कोळी शेतकरी, ओट्यावर बसून हें पाहत होते. शेवटीं त्यांनीं विचारलें, “गुरुजी, पोरगं खेळतंय कवा?”

मी म्हणालों, “बाबा, हा सराव आहे. खेळ पुण्यास.”

“किती दिस चाललाय सराव?”

“दोन वर्षें.”

म्हातारबांनीं मान हलविली आणि नातवास जवळ बोलाविलें. “पोरा, तुजं रोप राबातच म्हातारं व्हाया लागलंय.”

देशावरच्या वाचकांसाठीं ह्याचा अर्थ सांगितला पाहिजे. डांगांत पावसाळ्यापूर्वीं शेताच्या एका कोपऱ्यांत शेण, पालापाचोळा व फांद्या पसरून ती जागा भाजतात. ह्यास राब म्हणतात. मृगाच्या सुमारास तेथें दाट बी पेरतात. वीस-पंचवीस दिवसांत रोपें तरारून वर येतात. मग तीं उपटून, चिखलणी केलेल्या खाचरांत हातभर सरींनीं नव्हे, तर वीतभर अंतरानें लावतात; त्या लावणीस येथें आवणी म्हणतात. म्हातारबा सांगूं लागले, “राबात रोप लई देखणं दिसतं. बघणाराला वाटतं, पीक हितंच आलं. पर राबात कवा लोंबी धरती का? लौकर लावलं तर पान्यात बुडतंय. उशीर केला तर मुळं गुततात, फुटवा येत न्हाई. रोज बघावं लागतं रोपाकडं. येळ झाली की उपटायचं.”

नातू गप्प होता. परंतु त्या दिवशीं दुपारीं त्यानें खुरपें मागून घेतलें.

घरामागच्या उतारावर मोकळीं खाचरें होतीं. यजमानांची परवानगी घेऊन त्यानें त्यांत नऊ ठिकाणीं वाटीएवढे खळगे खणले आणि प्रत्येकांत एक करवंदीची काटकी रोंवली. नियम आम्ही दोघांनीं मिळून ठरविले. चेंडू एकच घ्यावयाचा. तो जेथें पडेल तेथून मारावयाचा. धसकटांत अडकला तर धसकटांतून, बांधाला टेंकला तर बांधावरून. फसलेला फटका पुन्हां मारावयाचा नाहीं. मुलांनीं पाठीमागें राहावयाचें, आणि पुढें माणूस वा जनावर दिसलें तर काठी उचलावयाची नाहीं. फसलेल्या प्रत्येक फटक्याची नोंद मीं वहींत करावयाची.

पहिल्या दिवशीं नऊ खळग्यांस ६८ फटके लागले. ज्या मुलाचे सकाळचे शंभर चेंडू एका आंब्यावर जात होते, त्याचा पहिलाच चेंडू बांधावर आदळून मागें आला. एक पाय वर, एक पाय खालीं, अशा अवस्थेंत त्यानें पूर्वीं फटका मारलाच नव्हता. चवथ्या खळग्यापाशीं त्यानें काठी खालीं टाकली. मी कांहीं बोललों नाहीं. वही मिटून बांधावर बसलों. थोड्या वेळानें त्यानें काठी उचलली.

रात्रीं कंदिलाच्या नव्हे, तर विजेच्याच दिव्याखालीं, आम्हीं वही उघडली. तींत एक गोष्ट स्वच्छ दिसत होती. वायां गेलेल्या फटक्यांपैकीं बहुतेक फटके खळग्यापासून चाळीस पावलांच्या आंतले होते. दूरचा फटका, ज्यासाठीं दोन वर्षें घालविलीं, तो फारसा दोषी नव्हताच. नातवानेंच हिशेब मांडला. ७२ फटक्यांचें जें प्रमाण धरतात, त्यांत प्रत्येक खळग्याजवळच्या हिरवळीवर दोन दोन हळुवार फटके गृहीत असतात. म्हणजे छत्तीस फटके, अर्धा खेळ! सर्वांत लांब मारण्याच्या काठीचा उपयोग सामान्यतः चौदा वेळांपलीकडे होत नाहीं. आणि ह्याच्या रोजच्या दोनशें चेंडूंपैकीं दीडशेंहून अधिक त्याच काठीचे. जें आवडतें व जमतें त्याचाच आपण सराव करतों, आणि त्यास परिश्रम असें नांव देतों.

मग दिनक्रम बदलला. सकाळीं खाचरांतली एक फेरी. संध्याकाळीं तासभर सराव, परंतु सकाळीं वहींत जो दोष पडला असेल तेवढ्याचाच. चढावर उभें राहून वीस चेंडू, उतारावर वीस, जवळच्या खळग्याकडे वीस. तिसऱ्या दिवशीं ५७ फटके झाले, सहाव्या दिवशीं ५१. आंकड्यांहून मला मोठी वाटली ती दुसरीच गोष्ट: जेवतांना तो पुन्हां बोलूं लागला.

सराव आणि खेळ ह्यांतला भेद मला त्या बांधावर बसून उमगला. सरावांत आवृत्ति असते, परंतु परिणाम नसतो; चेंडू चुकला तर दुसरा हजर असतो. खेळांत परिणाम असतो, परंतु आवृत्ति नसते. नव्वद फटक्यांच्या फेरींत चार तास जातात, आणि एका फटक्यास दोन सेकंद धरले तर प्रत्यक्ष काठी फिरते ती अवघीं तीन मिनिटें. बाकीचा वेळ चालण्यांत, वारा पाहण्यांत, काठी निवडण्यांत आणि मागचा चुकलेला फटका विसरण्यांत जातो. ह्या चार गोष्टी सरावाच्या मैदानावर शिकतां येत नाहींत. उलट, नुसतें खेळत राहिल्यास तीच चूक फेरीमागून फेरी जडत जाते, कारण ती थांबवून दुरुस्त करण्यास खेळांत उसंत नसते. खेळ प्रश्न विचारतो. सराव त्याचें उत्तर शोधतो. प्रश्नावांचून केलेला सराव ही घोकंपट्टी होय.

आपल्याकडच्या जुन्या तालमींनीं हें ओळखलें होतें. तेथें जोर-बैठका होतात, डाव घोटून घेतले जातात; परंतु रोज हौद्यांत जोडीदाराशीं लढतहि होते, आणि गांवोगांवच्या जत्रांत कुस्तीचा फड असतोच. सरावाची भूमि व सामन्याची भूमि वेगळी पडली म्हणजे काय होतें, ह्याचें उदाहरण आपल्याच खाशाबा जाधवांचें. तांबड्या मातींत वाढलेला हा मल्ल १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकांत गादीवर लढला आणि सहावा आला. चार वर्षांनीं, १९५२ सालीं, हेलसिंकी येथें त्यानेंच कांस्यपदक मिळविलें. मातीवरचें बळ खोटें नव्हतें. त्यास गादीची ओळख व्हावयाची होती. आणि विटीदांडूचें तर ह्याच्या उलट. तो आपण कोणींच एकट्यानें घोटून शिकलों नाहीं. खेळतां खेळतांच शिकलों.

पांचव्या दिवशीं आम्ही भंडारदऱ्यास गेलों. प्रवरेवरील हें धरण १९१० सालीं सुरू होऊन १९२६ सालीं पुरें झालें. पाण्यांत डोंगरांच्या सांवल्या पडल्या होत्या. तेथें बसून नातवानें आपल्या मोबाइलवर शोधून मला दोन प्रयोग वाचून दाखविले. १९७८ सालीं केर व बूथ ह्या संशोधकांनीं आठ वर्षांच्या मुलांस दाणे भरलेल्या लहान पिशव्या लक्ष्यावर फेंकावयास दिल्या. एका गटानें नेहमीं तीन फुटांवरून सराव केला. दुसऱ्यानें दोन आणि चार फुटांवरून, तीन फुटांवरून एकदांहि नाहीं. शेवटीं परीक्षा तीन फुटांवरूनच घेतली, तेव्हां दुसरा गट अधिक अचूक ठरला! पुढच्याच वर्षीं शे आणि मॉर्गन ह्यांनीं हाताच्या तीन हालचाली दोन गटांस शिकविल्या. एका गटास एकेक हालचाल पुरी घोटून, दुसऱ्यास तिन्ही मिसळून. शिकतांना पहिला गट पुढें होता. दहा दिवसांनीं पाहिलें तर दुसऱ्यानेंच अधिक राखलें होतें. सराव चालू असतांना जें सुबक दिसतें, तें टिकतेंच असें नाहीं. राबांतलें रोप देखणें दिसतें, हें म्हातारबांचें वाक्य आम्हां दोघांसहि एकदमच आठवलें.

येथें मला स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्यावांचून हा लेख लिहिण्याचा मला अधिकार नाहीं. लहानपणीं मीं रूपावलि, समासचक्र, अमरकोश हीं मुखोद्गत केलीं. पुढें व्याकरणांत बरीच मजल मारली. तिशींत असतांना एका विद्वत्सभेंत मला संस्कृतांत चार शब्द बोलावयास सांगितलें. मी उभा राहिलों. सर्व विभक्ति, सर्व लकार माझ्यापुढें रांगेनें उभे होते, आणि मुखांतून एक वाक्य निघेना. ‘क्षम्यताम्’ एवढें म्हणून मी बसलों. त्या दिवसापासून मीं संस्कृत बोलण्याचा प्रसंगच टाळला, आणि तीस वर्षें मुलांकडूनहि रूपेंच घोटून घेतलीं. त्यांचे गुण चांगले येत. त्यांतलें कोणीहि संस्कृत बोलत नाहीं.

वास्तविक मला हें कळावयास हवें होतें. पतंजलीनें महाभाष्याच्या आरंभींच विद्या चार काळीं उपयोगास येते असें म्हटलें आहे: गुरूकडून घेतांना, स्वतः आवर्तन करतांना, दुसऱ्यास शिकवितांना आणि व्यवहारांत वापरतांना. मीं पहिल्या तिहींवर आयुष्य काढलें आणि चवथा काळ सोडून दिला. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रां’त दोन नृत्याचार्यांचा श्रेष्ठत्वावरून कलह लागतो, तेव्हां पंडिता कौशिकी त्यांच्या वादविवादावर भिस्त ठेवीत नाहीं, शिष्येचा प्रयोग पाहूं, असें सांगते. हें नाटक मीं किती वेळां शिकविलें! आणि नातवास पत्र लिहितांना ‘अभ्यास’ ह्या एका शब्दांत सर्व कांहीं आलें, असें मानून मोकळा झालों.

मग सराव किती आणि खेळ किती? वाचक हा प्रश्न विचारतीलच, नातवानेंहि विचारला. म्हातारबांच्या शेतींत त्याचें उत्तर आहे, आणि तें ठराविक आंकड्याचें नाहीं. अगदीं नवशिक्यानें राबांत राहावें; काठी धरावयाचीच ठाऊक नसतां स्पर्धेंत उतरणें म्हणजे कोंवळें रोप पाण्यांत बुडविणें. फटका बरासा उभा राहिला कीं, तो पूर्ण सुंदर होण्याची वाट न पाहतां, खेळावयास लागावें. त्यापुढें निम्मा वेळ खेळास व निम्मा सरावास, असा आम्हीं नातवासाठीं तूर्त ठराव केला. पैशाची अडचण होती, तीहि सुटली: महिन्यांतून दोन वेळां सरावाचे चेंडू घ्यावयाचे नाहींत, आणि त्या शिलकेंत वडिलांनीं थोडी भर घालून नऊ खळग्यांची अर्धी फेरी खेळावयाची. सरावांतहि दर फटक्यास काठी व लक्ष्य बदलावयाचें, जणूं फेरीच चालली आहे. स्पर्धा जवळ आली कीं खेळ वाढवावयाचा. स्पर्धा झाली कीं वही घेऊन सरावास बसावयाचें. हाच हिशेब गाण्यास, पोहण्यास, वक्तृत्वास आणि घरांतल्या मुलींच्या स्वयंपाक शिकण्यासहि लागू आहे, असें माझें मत झालें आहे.

निघण्याच्या दिवशीं नातवानें नऊहि खळगे बुजविले. म्हातारबा म्हणाले, “आता आवणीला ये. मंग खरं राजूर दिसंल.” त्यांनीं आम्हांस नव्या तांदळाची एक पिशवी दिली, आणि राजूरच्या बाजारांत आम्हीं घरासाठीं पेढे घेतले.

फाल्गुनांत त्याचा फोन आला. स्पर्धेंत ९१ फटके लागले होते. बक्षिसाच्या यादींत त्याचें नांव कोठेंहि नव्हतें. परंतु पाऊण तास तो मला कोणता फटका कोठें चुकला व आतां काय घोटावयाचें, हें सांगत होता. काठ्या विकण्याचा विषय निघाला नाहीं, आणि मींहि काढला नाहीं.

माझ्यापुरतें सांगावयाचें तर, शेजारच्या आळींत एक वृद्ध शास्त्री राहतात. चैत्रापासून रोज सायंकाळीं अर्धा तास मी त्यांच्याकडे बसून संस्कृतांत बोलतों. लिंगें चुकतात, क्रियापदें अडतात. शास्त्रीबोवांची लहान नात दारांत उभी राहून हंसते. रोप जुनें झालें आहे, फुटवे थोडेच येतील, हें मी जाणून आहें. तरी तें एकदांचें खाचरांत लागलें, ह्याचें मला समाधान आहे.